मावशीच्या खाणावळीचे सात गुण

मला बोलता येतं, हा शोध मला यंदा लागला. त्याआधीची चौदा वर्षं मी गप्पच होते; वर्गात फक्त ‘हजर’ म्हणायचे, तेही इतक्या हळू की बाई दोनदा नाव घ्यायच्या आणि मग मान वर करून मी खरंच आहे का ते बघायच्या. मग एक दिवस वादविवाद स्पर्धेला जाणाऱ्या मुलीचा घसा बसला. “कोण जाईल हिच्या जागी?” असं बाईंनी विचारलं आणि नेमक्या त्याच क्षणी मी खाली पडलेलं पेन उचलून हात वर काढला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “मला खात्री होतीच तुझी,” त्या म्हणाल्या. ज्या बाईंना आपली खात्री आहे त्यांना ‘पेन पडलं होतं’ असं सांगणं बरं दिसत नाही. पुढे जे काही झालं त्याचं मूळ त्या पेनात आहे. ते पेन मी आता वापरत नाही.

विषय होता: ‘मनासारखं जेवण कोपऱ्यावरच्या साध्या खाणावळीतच मिळतं.’ मला चिठ्ठीत बाजूने बोलायचं आलं. म्हणजे अभ्यास करायची गरजच नव्हती, कारण हा वाद आमच्या घरात दर रविवारी व्हायचा. माझा काका छापखान्यात कामाला आहे आणि आमच्याच घरी राहतो. त्याच्या मते जिथे रुमालाची घडी नाही तिथे जेवणाला अर्थ नाही.

“रुमाल खातोस का तू?” बाबा विचारायचे.

“दादा, माणूस नुसतं अन्न खात नाही. वातावरण खातो.”

“बरं झालं सांगितलंत, भावोजी,” आई आतून म्हणायची. “आज भाजी कमी पडणार होती. तुम्हाला वातावरण वाढते.”

आम्ही बाकी सगळे मावशीच्या बाजूचे. पोस्टाच्या मागच्या गल्लीत, डाव्या हाताला, तिची खाणावळ आहे. तेव्हा तिला पाटी नव्हती. आत चार टेबलं आणि बाहेर फुटपाथवर एक बाक, बस्स. ती कुणाचीच सख्खी मावशी नाही, पण सगळे तिला मावशीच म्हणतात. खालच्या मजल्यावरचे हेडक्लार्क आजोबा तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे आहेत, तेही म्हणतात.

या खाणावळीत जेवण मागायची पद्धत नव्हती. तुम्ही जाऊन बसायचं. मावशी चुलीजवळून एकदा तुमच्या चेहऱ्याकडे बघायची आणि थोड्या वेळाने ताटली आणून ठेवायची. जे येईल ते तुमचं. हेडक्लार्क आजोबांनी एकदा “मला आज तळलेले बटाटेच पाहिजेत” म्हणून टेबलावर हात आपटला होता. त्यांच्यापुढे उकडलेला कोबी आला. “पाय सुजलेत तुमचे,” मावशी म्हणाली आणि गेली. आजोबांनी खाली वाकून पाय बघितले, आणि मुकाट्याने कोबी खाल्ला. नोकरीतल्या पस्तीस वर्षांत त्यांच्याशी असं कुणी बोललं नव्हतं, असं ते अजून अभिमानाने सांगतात.

मला गणितात अकरा मार्क पडले त्या दिवशी मी घरी न जाता तिथे गेले होते. तिने काही विचारलं नाही. तिने मऊ, जवळजवळ पातळ भात आणला, त्यात एक अंडं फोडून ढवळलेलं आणि वर चांगला काळपट होईपर्यंत परतलेला कांदा. असं ताट मी त्याआधी तिथे कुणाच्याही पुढे बघितलं नव्हतं. मी ते खाल्लं आणि घरी जाऊन मार्क सांगू शकले. त्यानंतर मैत्रीण बोलेनाशी झाली तेव्हा ते आलं, शेजारच्या शिवणवाल्या काकूंनी माझा नवा फ्रॉक चार बोटं आखूड शिवला तेव्हाही आलं. त्या भाताला नाव काय, हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही.

तर स्पर्धा. समोरच्या शाळेची मुलगी चकचकीत बूट घालून आली होती आणि तिने मोठ्या हॉटेलांची बाजू इतकी सुरेख मांडली की मलाच भूक लागली. मग मी उठले. पहिली दोन वाक्यं अडखळली. तिसरं सुटलं, आणि मग मी थांबेना. मावशीच्या खाणावळीचे सात गुण मी बोटांवर मोजत सांगितले.

पहिला: तिथे कुणी काय हवं ते विचारत नाही, चेहरा बघून वाढतात. दुसरा: फुटपाथवरच्या बाकावर पोस्टमन आणि डॉक्टर मांडीला मांडी लावून जेवतात. तिसरा: तिथल्या लोखंडी कढईला तीस वर्षांत साबण शिवलेला नाही, म्हणून तिच्यात चव मुरली आहे. चौथा: कालच्या रश्श्यातला एक डाव रोज आजच्या रश्श्यात पडतो, म्हणजे परीक्षक महोदय, आपण तिथे तीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या दिवसाचा एक थेंब खातो! (इथे टाळ्या.) पाचवा: तांदळाच्या पिंपावर ‘बशी’ नावाचं मांजर झोपतं, म्हणून तिथे उंदीर फिरकत नाही. सहावा: चूल अगदी दारात आहे, वास चौकापर्यंत येऊन तुमचा हात धरतो. आणि सातवा: मावशी प्रत्येक पदार्थाचा थेंब स्वतःच्या तळहातावर घेऊन चाखते, उघड्या डोक्याने आणि मोकळ्या मनाने.

तीन परीक्षक होते. त्यातले मधले साहेब माझ्या प्रत्येक गुणाला छोट्या वहीत काहीतरी लिहून घेत होते. चौथ्या गुणाला तर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. माणूस हेलावला, असं मी समजले. स्पर्धेच्या सुरुवातीला परीक्षकांची ओळख करून दिली होती, पण तेव्हा मी भीतीने सलग चौथा ग्लास पाणी पीत होते. त्यामुळे ते साहेब नगरपालिकेच्या परवाना विभागाचे प्रमुख आहेत, हे वाक्य माझ्या कानावरून गेलं.

मला पहिला क्रमांक मिळाला. चषक देताना साहेबांनी विचारलं, “ही खाणावळ खरंच आहे का गं?”

“म्हणजे काय! पोस्टाच्या मागच्या गल्लीत, डाव्या हाताला,” मी म्हटलं. आणि एवढ्याने माझं समाधान होईना, म्हणून पुढे म्हटलं, “दुपारी साडेबाराला या, तेव्हा सगळं बघायला मिळेल.”

काकाने, पक्का विरोधक असूनही, माझं भाषण छापखान्यात जाड कागदावर वेलबुट्टीची चौकट काढून छापून आणलं. “मजकूर चुकीचा आहे,” तो म्हणाला, “पण टाइप बघ काय बसलाय.” एक प्रत मी मावशीला दिली. तिने ती हात पुसून घेतली, पूर्ण वाचली, आणि कणकेच्या खळीने चुलीमागच्या भिंतीवर चिकटवली. त्या दिवशी तिने मला तळलेले बटाटे वाढले. ते तिच्याकडे फक्त फार खूश माणसाला मिळतात.

चार दिवसांनी साहेब साडेबाराला आले. बाकावर बसले. त्यांच्यापुढे रस्सा आणि पाव आला. त्यांनी रस्सा दोनदा घेतला, ताटली पावाने पुसून खाल्ली, “उत्तम” म्हणाले, आणि मग खिशातून ती छोटी वही काढली. आत जाऊन त्यांनी एक एक गोष्ट बघितली. कढई. पिंप. पिंपावर बशी. शेवटी भिंतीवरचं माझं भाषण वाचून त्यांनी त्याच्या खाली सही केली आणि तारीख घातली. मावशीला वाटलं, ते शाबासकी देऊन गेले.

नोटीस सोमवारी आली. हेडक्लार्क आजोबांनी ती आमच्या जिन्यात उभं राहून मोठ्याने वाचली, कारण असं काही वाचायला मिळालं की त्यांचं वय उतरतं.

“‘उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या आस्थापनेत खालील सात बाबी नियमबाह्य आढळून आल्या आहेत.’ वा! ‘आढळून आल्या आहेत.’ लिहिणारा जुना माणूस आहे.”

सातही बाबी माझ्याच होत्या. क्रमही माझाच होता. फक्त ‘हात धरणारा वास’ याचं ‘प्रवेशद्वारी ज्वलनशील व्यवस्था’ झालं होतं आणि बशीचं ‘धान्यसाठ्यावर पाळीव प्राणी’. पहिला गुण त्यांनी असा लिहिला होता: ‘ग्राहकाने मागणी न केलेले पदार्थ वाढणे.’ पंधरा दिवसांत समाधानकारक खुलासा न झाल्यास टाळं. आणि सगळ्यात खाली, ‘संदर्भ: आंतरशालेय वादविवाद स्पर्धा, प्रथम क्रमांकाचे भाषण (प्रत सोबत जोडली आहे).’

आजोबा थांबले. जिन्यातले सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“माझ्या हयातीत,” आजोबा म्हणाले, “वक्तृत्वाने टाळं लागलेलं मी पहिल्यांदा बघतोय.”

“चौदा वर्षं गप्प होती तेव्हा मला काळजी वाटायची,” आई म्हणाली. “तेव्हा पेढे वाटायला हवे होते.”

शिवणवाल्या काकूंचं मत पडलं की मी ताप आल्याचं सोंग करावं, लहान मुलीच्या तापापुढे साहेबही विरघळतात. बाबांचं मत पडलं की साहेबांना पुन्हा रस्सा खायला बोलवावं. काका म्हणाला, “मी काय म्हणत होतो? पदार्थांचं छापील कार्ड असतं, रुमाल असता, तर आज ही वेळ आली असती का?” आणि तो बरोबर होता, हेच सगळ्यात जिव्हारी लागलं. शेवटी आजोबांनी निकाल दिला, “खुलासा द्यायचा. भाषण तिने केलंय, तर खुलासाही तीच करील.”

मी मावशीकडे गेले तेव्हा वाटलं होतं, ती ओरडेल. ती कांदा चिरत होती. “चांगलं बोलली होतीस गं,” ती म्हणाली. “त्यांना सगळं लक्षात राहिलं बघ.” माझ्यापुढे तो मऊ भात आला.

परवाना कार्यालयात खिडकी क्रमांक चारवर आमची फाइल होती. मी, मावशी आणि आजोबा असे तिघे गेलो. मावशीने इस्त्रीची साडी नेसली होती आणि पिशवीत डबा आणला होता, कारण कुठेही रिकाम्या हाताने जायची तिला सवय नाही. खिडकीतल्या कारकुनाने फाइलीची नाडी सोडली.

“माहिती देणार कोण?”

“माहिती कुणीच दिली नाही हो,” मी म्हटलं. “ते आपलं भाषण होतं.”

त्याने फाइल फिरवून माझ्याकडे केली. ‘माहिती देणार: कुमारी’ आणि पुढे माझं संपूर्ण नाव, बाबांच्या नावासकट, इयत्ता आणि तुकडी. आजवर माझं नाव इतक्या सुवाच्य अक्षरात कुणीच लिहिलं नव्हतं.

आत साहेब होते. लोखंडी कपाट, करकरणारा पंखा, टेबलावर काचेखाली कुणाच्या तरी बाळाचा फोटो. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि मला म्हणाले, “हे बघ बाळ, मला ती जागा आवडली. पण तू सगळ्यांसमोर सांगितलंस आणि मी डोळ्यांनी बघितलं. आता मी काय करू? एकतर तू म्हणतेस ते खरं, मग टाळं. नाहीतर ते खरं नाही, मग तसं सांग.”

इथे मला खरं तर रडू यायला हवं होतं. त्याऐवजी मला विषय मिळाला. समोर परीक्षक, टेबलावर पाण्याचा ग्लास, आणि या वेळी चिठ्ठीत विरुद्ध बाजू. मी उभी राहिले.

“आदरणीय साहेब,” मी म्हटलं, “भाषण अलंकारिक होतं.”

आणि मग मी सुटले. मावशी चेहरा बघून वाढते? छे! चेहरा बघून कुणाला काय कळतं? हा भाबडेपणा आहे! तिथे प्रत्येकाला विचारूनच वाढलं जातं. कार्ड छपाईला गेलंय. कालचा रस्सा आजच्या रश्श्यात? हा केवळ अडाणी समज आहे. मांजर? मांजर वाट चुकून आलं होतं. तळहातावर चाखणं ही तर शुद्ध गलिच्छ सवय, आणि स्वाभिमानी खाणावळवाली असं करणारच नाही. एकेक गुण मी असा झोडपला की साहेब दोनदा हसले. आजोबा खुर्चीतल्या खुर्चीत मान डोलवत होते. सातव्या मुद्द्याला मी टेबलावर हात आपटला.

मावशीकडे मी तेवढ्या वेळात एकदाही बघितलं नाही. वक्त्याने परीक्षकांकडे बघावं, असं बाईंनी शिकवलंय.

“मग लेखी द्या,” साहेब म्हणाले. “माझं काम भागलं.”

हमीपत्र मी लिहिलं, कारण तिघांत माझं अक्षर चांगलं. ‘मी लिहून देते की, ग्राहकाने मागितल्याशिवाय कोणताही पदार्थ वाढणार नाही.’ अशा एकूण सात ओळी. मावशीने चष्मा लावून ते सावकाश वाचलं. भाषण वाचलं होतं तितकाच वेळ घेतला. मग सही केली. डबा साहेबांच्या टेबलावर ठेवला, पण साहेबांनी तो नियमानुसार परत केला.

बाहेर पायऱ्यांवर मी आनंदाने उड्या मारत होते. वाचली, वाचली! मावशी एका पायरीवर थांबली.

“मी विचारत नाही, ते वाईट दिसतं का गं लोकांना?”

“नाही गं मावशी! ते नुसतं कागदावर. महिनाभर जपून राहा, मग सगळं पहिल्यासारखं. कोण बघतंय?”

“कागदावर सही माझी आहे,” ती म्हणाली. “मी लिहून दिलं, म्हणजे तसंच करायला हवं.”

बाकी सगळं मला सुचलं होतं. हमीपत्रावर सही करणारं माणूस ते पाळेल, एवढंच सुचलं नव्हतं.

काकाने कार्ड छापून दिलं. हा त्याचा दिवस होता. मावशी काय काय विकते, याची त्याने तिच्यासमोर बसून यादी केली आणि प्रत्येकाला क्रमांक दिले. ‘बटाट्याचा रस्सा’ त्याला फारच उघडं वाटलं, म्हणून त्याचं ‘घरगुती बटाटा, रसदार’ झालं. कार्डाला त्याने वेलबुट्टीची चौकट काढली. तीच, माझ्या भाषणाची.

मी मात्र त्या दिवसांत तिकडे फिरकले नाही. पुढच्या फेरीची तयारी होती, असं मी सगळ्यांना सांगत होते. ती फेरी झाली. मी व्यासपीठावर गेले, समोर तीन परीक्षक बसले होते, त्यातल्या एकाने वही उघडली, आणि माझं तोंड मिटलं ते मिटलंच. पाणी प्यायले. पुन्हा मिटलं. बाई पहिल्या रांगेतून ओठ हलवून पहिलं वाक्य सांगत होत्या, ते मला दिसत होतं. शेवटी मी ‘धन्यवाद’ म्हटलं आणि खाली उतरले. चकचकीत बुटांच्या मुलीने मला आपला स्वच्छ घडीचा रुमाल देऊ केला. मी तो घेतला, याची मला अजून लाज वाटते.

मी घरी गेले नाही. पाय आपोआप पोस्टाच्या मागच्या गल्लीत वळले.

दारावर पाटी होती. बाक नव्हता, त्या जागी फुटपाथवर चार गंजके डाग होते. चूल आत गेली होती. बशी रस्त्यापलीकडे कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर बसून इकडे बघत होती. आत पोस्टमन एका टेबलाशी, डॉक्टर दुसऱ्या टेबलाशी, दोघांच्याही हातांत कार्ड. भिंतीवर माझं भाषण नव्हतं. खळीचा चौकोन तेवढा राहिला होता.

मी नेहमीच्या जागी बसले. मावशी आली. तिच्या डोक्यावर पांढरी टोपी होती, आणि ती तिला थोडी मोठी होत होती.

“काय देऊ?” तिने विचारलं.

चौदा वर्षांत तिने मला हा प्रश्न कधी विचारला नव्हता. मी कार्ड उघडलं. एक ते अकरा. मी वरून खाली वाचलं आणि खालून वर वाचलं.

“मावशी, ते... मऊ भात असतो ना, अंडं घातलेला. वर तो काळा कांदा.”

“ते कार्डात नाही बाळ.”

“का नाही?”

“तुझ्या काकाने विकायचे पदार्थ विचारले होते,” ती म्हणाली. “ते मी विकत नव्हते. कुणी तसं आलं, की करत होते.”

ती तिथेच उभी होती. माझ्याकडे बघत होती. तिचा हात कमरेच्या फडक्याकडे गेला, मग चुलीच्या दिशेने थोडा उचलला गेला, आणि परत खाली आला. आयुष्यात पहिल्यांदा तिथे बसून मी तिचा चेहरा वाचला. तिला सगळं कळलं होतं. स्पर्धा, वही, रुमाल, सगळं. आणि तिने सही केली होती, माझ्या अक्षराखाली.

मला खूप बोलायचं होतं. सात मुद्दे तरी निघाले असते.

“सात नंबर,” मी म्हटलं. तेही इतक्या हळू, की तिला दोनदा विचारावं लागलं.

तिने सात नंबर आणला. गरम होता, भरपूर होता, चवीला चांगला होता. मी सगळा खाल्ला आणि ताटली पावाने पुसली, म्हणजे तिला बरं वाटेल. ती लांब उभी राहून टोपी सारखी करत होती. माझी ताटली रिकामी होताना बघून तिला काहीच बरं वाटलेलं दिसलं नाही, कारण मला सात नंबरची भूक नव्हती, हे तिला मी बसायच्या आधीच माहीत होतं.